काळ्या पडद्याची खिडकी

आमच्या मालकांच्या घरात खोली घ्यायची तर अट एकच होती. सकाळी सहा ते नऊ बागेच्या बाजूला कुणी हलायचं नाही. भांडं आपटायचं नाही, धुणं वाळत घालायचं नाही, आणि शिंक आलीच तर मागच्या मोरीत जाऊन शिंकायचं. मी पहिल्याच सकाळी खोकले. आता मी तिथे आलेच होते खोकला घेऊन, तर करणार काय! मधल्या भिंतीवर दोनदा टकटक झालं आणि पलीकडून दबका आवाज आला, "खोका बाई, खोका. पण काय ते एकदाच खोकून घ्या. नवरदेव आलेत."

मला असा संताप आला म्हणून सांगू! इथे मी घरदार, मूल सोडून येऊन पडलेय आणि या म्हाताऱ्याला नवरदेव सुचतायत. नवरदेव म्हणजे दयाळ पक्षी, हे मला पुढे कळलं. पांढरं पोट, वरून काळा कोट, शेपटी ताठ वर, आणि उजाडताच शेवग्याच्या शेंड्यावर बसून शीळ. मालक म्हणायचे, "लग्नाचा फोटो काढायला येतात ना, तसा आहे. कॉलर टोचत असते, पण ऐट सोडत नाही."

त्यांना नाव होतं, पण बोरिवलीत दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना मालकच म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. गिरगावात तीस-पस्तीस वर्षं त्यांचा फोटो स्टुडिओ होता. साठी उलटल्यावर एक दिवस त्यांनी तो बंद केला, कॅमेरे विकून टाकले, गिऱ्हाइकांच्या पाठीमागे लावायचे मोठे काळे पडदे तेवढे बरोबर घेतले आणि बोरिवलीच्या त्या बैठ्या घरात येऊन राहिले. ते पडदे त्यांनी खिडक्यांना लावले. खिडकीला काळा पडदा, पडद्याला डोळ्यांच्या उंचीवर वीतभर चीर, आणि चिरीमागे मालक. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, घरात कुणी गेलंय की काय.

"आयुष्यभर लोक मला बघून चेहरे करत आले," ते म्हणायचे. "चांगली हसती-खेळती माणसं, पण खुर्चीत बसली की सुतक आल्यासारखी. आता मरेपर्यंत मला चेहरा न केलेलं काहीतरी बघू दे."

माझी गोष्ट त्या काळात घरोघर होती. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी बावीस वर्षांची, गिरगावात दोन खोल्यांत आम्ही सात माणसं, आणि माझी बेबी दीड वर्षाची. माझ्या छातीचा फोटो काढला तर डाग निघाला. त्या रोगाचं नाव आमच्या घरात कुणी घेतलं नाही. सासूबाई नुसतं "ते" म्हणायच्या. डॉक्टरांनी सांगितलं, हवापालट, पडून राहणं, इंजेक्शनं, आणि मुलीला जवळ घ्यायचं नाही. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, बघू. बेबीला थोरल्या जाऊबाईंच्या कडेवर दिलं आणि मला टॅक्सीत बसवलं. जाऊबाईंना मूल नव्हतं. बाई फार चांगली होती, तिच्याबद्दल मला एक अक्षर वाईट बोलायचं नाही. पण बेबी तिच्या कडेवर ज्या सुखानं बसली, ते बघून मी दादर येईपर्यंत रडले.

असल्या पेशंटला खोली देतो कोण! दोन ठिकाणी तोंडावर नाही म्हणाले. मालकांनी दिली. शेजारच्यांनी कुरकुर केली तेव्हा म्हणाले, "माझ्याकडे एवढी पाखरं येतात, मी कुणाच्या छातीचा फोटो मागत नाही." माझा फोटो मात्र त्यांनी मागून घेतला. उजेडाकडे धरून फार वेळ बघितला आणि परत देताना म्हणाले, "कुणी काढला हा? डोकंच कापलंय." आजारी पडल्यापासून मी त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः माझी खाट ओढत खिडकीशी आणली आणि माझ्या उशीच्या उंचीवर पडद्याला कात्रीनं चीर पाडली.

"मला पाखरांतलं काही कळत नाही, मालक."

"कळायचंय काय त्यात? बघायचं."

"बघून काय होतं?"

"काही होत नाही. आणि तुम्हाला आणखी काही व्हायला हवंय का, बाई? झालंय तेवढं पुरे नाही?"

मी हट्टानं आठवडाभर त्या चिरीकडे पाठ करून झोपले. कुणी मला रमवायला बघितलं की मला राग यायचा तेव्हा. आठव्या दिवशी कूस बदलली, तर खिडकीपासून हातभर अंतरावर जास्वंदीच्या फुलाला अंगठ्याएवढं पाखरू लटकलेलं. उन्हात जांभळं, मान वळवली की हिरवं, सावलीत गेलं की काळंकुट्ट. लांब वाकडी चोच फुलात खुपसलेली आणि सगळं अंग थरथरत होतं. मी श्वास धरला. महिनाभर मी श्वास धरत होते तो खोकल्याच्या भीतीनं. हा पहिला कौतुकानं धरला. ते उडालं तशी मी भिंतीवर टकटक केली.

"मालक, ते जांभळं कोण?"

"शिंजीर," पलीकडून लगेच उत्तर आलं. "आठ दिवस येतंय तुमच्या पाठीमागे."

मग मात्र मला त्या खिडकीचं वेडच लागलं. सकाळी सहाला नवरदेवांची शीळ. मग बुलबुलांचं जोडपं, एक खात असताना दुसरं पहारा देणार. मग शिंपी, बोटभर जीव आणि आवाज तीन घरं पलीकडे. तिला मालक "आमची मावशी" म्हणत. आठच्या सुमारास सातभाई यायचे, मातकट रंगाचे, एकमेकांना ढकलत, भांडत, पाचोळा उपसत. ते आले की भिंतीपलीकडून कुजबुज, "ग्रुप फोटो आला!" आणि पाठोपाठ उसासा, "सातांत एक तरी हलतोच. पस्तीस वर्षांत माझा एक ग्रुप फोटो धड आला नाही." पाण्याची मातीची परात त्यांनी पेरूखाली ठेवली होती. साळुंक्या तीत अशा आंघोळी करायच्या की शेवटी परातीत पाणी म्हणून राहायचं नाही. कंपाउंडर आठवड्यातून दोनदा इंजेक्शन टोचून जायचा, तेव्हाही माझा डोळा चिरीला. टोचलेलं कळायचं नाही. खरंच सांगते, ज्या वर्षाला मी आयुष्यातलं सगळ्यात वाईट वर्ष म्हणायला हवं, त्या वर्षातल्या सकाळी मला अजून हव्याशा वाटतात.

मालकांनी माझ्या तब्येतीची चौकशी नऊ महिन्यांत एकदाही केली नाही. ठीक नऊ वाजता दाराशी उभे राहून विचारायचे, "आज कोण कोण?" मी एकेक नाव सांगायची. एकदा मीच न राहवून म्हटलं, "मालक, माझं वजन चार पौंड वाढलं."

"बरं. हळद्या आला का?"

विक्षिप्त म्हणजे किती विक्षिप्त! समोर कुणीही आलं की त्याची हनुवटी बोटानं धरून थोडी खाली करायचे. भाजीवालीची केली, पोस्टमनची केली. एकदा आमच्या ह्यांची केली, तर हे बिचारे पुढचा अर्धा तास मान तशीच धरून माझ्याशी बोलत होते. त्यांच्या खोलीत भिंतीवर एकच फोटो होता, रिकाम्या खुर्चीचा. मी विचारलं, हे कोण? "माझे मामा," मालक म्हणाले. "तीनदा हलले. चौथ्यांदा उठून गेले." लग्न का नाही केलंत असं स्वयंपाकाच्या बाईंनी विचारलं, तेव्हा म्हणाले, मुलगी बघायला गेलो होतो. तिला म्हटलं, हनुवटी जरा खाली घ्या. तिनं घेतली ती पुन्हा वर केलीच नाही. दुसऱ्या दिवशी नकार आला.

पण पाखरांच्या बाबतीत थट्टा नाही. एकदा मी हौसेनं खिडकीच्या कट्ट्यावर भात ठेवला आणि "या, या" म्हणत बसले. मालक आत आले, भात उचलून लांब पेरूखाली नेऊन टाकला. म्हणाले, "पाखरू तुमच्यासाठी येत नसतं, बाई. ते फुलासाठी येतं, किड्यासाठी येतं, पाण्यासाठी येतं. आपण नुसतं असायचं. आपण असण्याची त्याला सवय झाली की झालं." मी मनात म्हटलं, काय मेला उपदेश. तेव्हा मला ते नुसतं पाखरांबद्दलचं वाटलं होतं.

होळी झाल्यावरच्या रविवारी हे सासूबाईंना आणि बेबीला घेऊन आले. डॉक्टरांची परवानगी होती, पण उघड्यावर आणि दहा पावलं लांबून. आदल्या रात्री मला झोप नाही. सकाळी चिरीतून बघितलं तर फाटकातून सासूबाई आत येतायत आणि कडेवर पिवळा फ्रॉक. दोन महिन्यांत केस केवढे वाढलेले! माझं भान सुटलं. मी तो पडदा धरून टरकन ओढला, फाटला तर फाटला, आणि गजांतून दोन्ही हात बाहेर काढून ओरडले, "बेबी! बेबी गं! ये ये, माझं सोनं ते, ये!"

तिनं बघितलं काय, तर काळ्या खिडकीतून एक हाडकुळी, केस सुटलेली बाई हात काढून ओरडतेय. मग अशी किंचाळली की शेवग्यावरचं एकूण एक पाखरू उठलं. सासूबाईंच्या मानेत तोंड खुपसून ती थरथरायला लागली. "नको गो बाई," सासूबाई म्हणाल्या, "पोर दचकली. ताप भरेल तिला," आणि आल्या पावली मागे फिरल्या. हे एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिले आणि शेवटी त्यांच्यामागे गेले. पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

मालक आत आले ते रागानं लाल झालेले. मला नेहमी बाई आणि तुम्ही म्हणणारा माणूस, त्या दिवशी एकदम अरे-तुरेवर आला. "काय केलंस हे, पोरी? हाक कशाला मारलीस?"

"माझी मुलगी आहे ती!"

"असेल. तिला ठाऊक आहे का?"

मी उशाशी होता तो तांब्या उचलून त्यांना मारला. खरंच मारला. नेम चुकला, पण पाणी सगळं त्यांच्या धोतरावर. त्यांनी तांब्या उचलून जागेवर ठेवला, बाहेर गेले आणि संध्याकाळी सुई-दोरा घेऊन माझ्या खाटेशी येऊन बसले, फाटका पडदा शिवत. मी भिंतीकडे तोंड करून रडत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आपण दोघं मिळून तिला परत आणू. पण मी सांगेन तसं."

सासूबाई काही येईनात. बेबी झोपेत दचकते म्हणाल्या, आणि दचकतच असणार, त्यांचं काय चुकलं! तेव्हा मालकांनी त्यांना कार्ड लिहिलं. मला वाचून दाखवलं. "आमच्या कुंपणात भारद्वाज पक्ष्याचं जोडपं आहे. सकाळी साडेनवाच्या सुमारास दर्शन होतं. आपण श्रद्धावान आहात असं ऐकतो, म्हणून कळवलं." भारद्वाज दिसणं शुभ, त्याच्या दर्शनानं मनातलं होतं, अशी आमच्याकडे समजूत. आणि हा मनुष्य देवापुढे कधी हात जोडायचा नाही! मी म्हटलं, "मालक, तुमचा विश्वास आहे?" ते म्हणाले, "माझा नाही. भारद्वाजाचाही नाही. पण तुझ्या सासूबाईंचा असेल तर आपल्याला पुरे." त्या तांब्याच्या दिवसापासून त्यांच्या तोंडी माझ्यासाठी तूच बसलं होतं.

पुढच्याच रविवारी सासूबाई हजर. कडेवर बेबी, हातात कुंकवाचा करंडा. भारद्वाजाला कुंकू लावणार होत्या की काय, देव जाणे! मालकांनी त्यांना आंब्याखाली खुर्ची दिली आणि म्हणाले, "मातोश्री, एकच अट. हलायचं नाही." मग माझ्या खिडकीशी येऊन हळूच, "पडदा हलला तर तुझी खाट मागच्या खोलीत." पावणेदहाला कुंपणातून भारद्वाज निघाला, काळा, तांबड्या पंखांचा, लाल डोळ्यांचा, सगळी जमीन आपलीच असल्यासारखा पावलं टाकत. सासूबाईंनी बसल्या जागी हात जोडले. त्यानंतर एक रविवार सोडून त्या यायच्याच. भारद्वाज सातांत चारदा दिसायचा. तेवढं पुरलं.

आणि मी पडद्यामागे. माझी मुलगी माझ्यापासून दहा पावलांवर, आणि तिला मी तिथे असल्याचं ठाऊक नाही. पहिल्यांदा मी पदराचा बोळा तोंडात कोंबून बसले होते. पण मग, कसं सांगू, मी बघायला लागले. बेबी चालताना डावं पाऊल आत टाकायची. पडलं पान उचलून डोक्यावर ठेवायची आणि ते पडू नये म्हणून ताठ उभी राहायची. साळुंकीच्या मागे साळुंकीसारखंच, मान पुढे-मागे करत जायची. मुंग्यांशी काहीतरी भांडायची. मातीत बसायला मिळालं की तिला दुसरं काही नको. हे सगळं मी घरी असताना मला दिसलं असतं का? घरी मी तिला उचलायची, भरवायची, न्हाऊ घालायची, दामटून झोपवायची. इतका वेळ नुसतं बघितलं कधी होतं! सोमवारी सकाळी मालक विचारत, "काल कोण कोण?" आणि मी बेबीचं सांगायची. ते डोळे मिटून ऐकत, मध्येच विचारत, "पान कुठलं होतं? आंब्याचं की पेरूचं?"

पावसाळ्यात येणं बंद झालं. गणपती झाले आणि माझ्या छातीचा नवा फोटो स्वच्छ निघाला. डॉक्टर म्हणाले, "आता घ्या मुलीला जवळ." मी अंगभर हसत घरी, म्हणजे मालकांकडे, आले. त्या रविवारी बागेत पाटावर जाऊन बसले, नीट वेणी घालून, हातात बांगड्या भरून. बेबी आली, तिनं मला बघितलं आणि सासूबाईंच्या पदरात जाऊन उभी राहिली. मी हळूच हात पुढे केला तर रडायलाच लागली. माझे नुसते नऊ महिने गेले होते तिथे. तिच्या तर आयुष्याचा तिसरा हिस्सा तो.

ह्यांनी मला बाजूला घेतलं. थोरल्या दिरांची बदली नाशिकला झाली होती. दिवाळी झाली की ते आणि जाऊबाई निघणार. "वहिनी म्हणतात, बेबीला आम्ही नेतो. तू अजून अशक्त आहेस. आईलाही वाटतं... म्हणजे कायमची नव्हे गं. बेबीला त्यांचीच सवय झालीय. तोवर तुझ्याकडे रुळली तर प्रश्नच नाही." हे बोलताना ह्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं. मला सगळं कळलं. मूल नसलेल्या घरी एकदा गेलेलं मूल परत येत नाही, आणि कुठल्या तोंडानं मागणार! तिथे तिला कुणी छळणार नव्हतं, हीच तर पंचाईत होती. पण ती माझी होती हो. मला ती हवी होती.

मी मालकांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "दिवाळीपर्यंत किती रविवार?"

"पाच."

"पुष्कळ आहेत. भारद्वाजाला मला तीन वर्षं लागली."

मग त्यांनी मला पढवलं. हाक मारायची नाही. हात पुढे करायचा नाही. गोळ्या-बिस्किटं दाखवायची नाहीत. तिच्याकडे टक लावून बघायचंसुद्धा नाही. काहीतरी काम घेऊन बसायचं. "काम करणाऱ्या माणसाची कुणाला भीती वाटत नाही," ते म्हणाले. "स्टुडिओत रडणारं पोर असलं की मी त्याच्याकडे बघायचोच नाही. भिंगं पुसत बसायचो. तेच येऊन विचारायचं, काय करतोस."

"आणि नाही आली तर?"

"तर नाही आली."

"मालक!"

"खोटं सांगू का तुला?"

पहिल्या रविवारी मी सुपात तांदूळ घेऊन निवडत बसले आणि कण्या चिमण्यांना टाकत राहिले. बेबी आंब्यामागून बघत होती. बस्स, एवढंच. दुसऱ्या रविवारी चिमण्या टिपायला आल्या तशी ती सासूबाईंचा पदर सोडून पाच पावलं पुढे आली. सासूबाई हाक मारणार होत्या, मालकांनी नुसतं बोट वर केलं. तिसऱ्या रविवारी ती थेट सुपापाशी आली, मूठभर तांदूळ उचलला आणि पळाली. तिची करंगळी माझ्या मनगटाला लागली होती. तिला धरून उराशी घ्यायला माझे हात असे शिवशिवले, की मी ओठ चावला तो रक्त येईपर्यंत. रात्री मी जेवले नाही.

चौथ्या रविवारी कुणी आलंच नाही. बेबीला पडसं झालं होतं. पाचातला एक रविवार असा वाया गेला. मी सूप घेऊन बसले होते ते बसूनच राहिले. मालक त्या दिवशी पडद्यामागे टिकेनात. बागेत येरझाऱ्या घालत होते, पावलं आपटत. सातभाई उडून गेले तरी लक्ष नाही.

मालक जाऊन आता जमाना झाला. आम्ही गिरगावात परतल्यावरही वर्षातून दोन-तीनदा मी बोरिवलीला जायची, आणि ते दारातच विचारायचे, गॅलरीत कोण कोण येतं? चिमण्या आणि कावळे, दुसरं काय येणार गिरगावात! तर म्हणायचे, कावळ्याकडे नीट बघ, फार हुशार गिऱ्हाईक आहे. शेवटच्या आजारात त्यांना आम्ही आमच्याकडे चला म्हटलं, तर खिडकीला शेवगा आहे का म्हणून विचारलं आणि आलेच नाहीत. त्यांच्या जागी पुढे चार मजली इमारत झाली. लोक म्हणतात, तुम्ही त्या औषधांनी बऱ्या झालात. झालेच असेन, इंजेक्शनांना मी नावं ठेवत नाही. पण त्या पाचव्या रविवारचं औषध कुठल्या डॉक्टरकडे नव्हतं.

दिवाळी चार दिवसांवर आली होती आणि ऊन असं तापलेलं की विचारू नका. हे, सासूबाई आणि बेबी नऊला आले. हे म्हणाले, "परत जायला दुपारी बाराची गाडी गाठायची. वहिनींची बांधाबांध चाललीय." मी पेरूच्या सावलीत पाटावर बसले, सूप पुढे घेतलं. सासूबाई समोर खुर्चीत. बेबी आली, थोडा वेळ उभी राहिली आणि माझ्या शेजारी मातीत फतकल मारून बसली. मी खडा काढून बाजूला टाकला. तिनंही एक दाणा काढला आणि बाजूला टाकला. मी खडा, ती दाणा. मी वर बघितलं नाही. मला तिच्या तेलाचा वास येत होता, पडशानं चोंदलेला श्वास ऐकू येत होता. असे बरेच तांदूळ निवडून झाले. मग तिनं डोळे चोळले. पहाटे उठवून आणलेलं पोर ते. एकदा डुलकी आली, सावरली, पुन्हा आली, आणि दुसऱ्यांदा ती तशीच कलून माझ्या मांडीवर पडली. अंगठा तोंडात घातला आणि झोपली.

मी सूप हळूच सरकवलं. बाकी बोटसुद्धा हलवलं नाही. नऊ महिने मी जे शिकले ते या एका तासासाठी असं मला वाटलं. पाय बधिर झाला, मुंग्या आल्या, मग मुंग्याही कळेनाशा झाल्या. सूर्य वर आला तशी पेरूची सावली सरकली आणि ऊन बेबीच्या तोंडावर यायला लागलं. मी हात आडवा धरायला जाणार, तेवढ्यात मालक घरातून निघाले. हातात त्यांची जुनी काळी छत्री. येऊन आमच्यामागे उभे राहिले आणि छत्री बेबीवर धरली. स्वतः उन्हात, डोकं उघडं.

हे मनगटावरच्या घड्याळाकडे बघत पुढे आले. मालकांनी बोट वर केलं. हे थांबले. बाराची गाडी गेली. पुढचीही गेली. मालकांचा हात कापायला लागला होता. छत्रीची कड माझ्या डोळ्यांसमोर थरथरत होती. सत्तरीला टेकलेला माणूस, सकाळपासून पोटात चहाच्या वर काही नाही. मी ओठांतल्या ओठांत म्हटलं, "मालक, बसा हो." त्यांनी मान हलवली, नाही. मी वर बघितलं तर ते रडत होते. दोन्ही हात छत्रीला लावलेले, म्हणून डोळे पुसता येत नव्हते. मग मलाही आवरलं नाही. माझी आसवं बेबीच्या केसांत पडत होती आणि ती गाढ झोपली होती.

सासूबाई इतका वेळ खुर्चीतून सगळं बघत होत्या. त्या उठल्या. मला वाटलं, आता उचलणार तिला. त्या आल्या, खाली वाकल्या, बेबीच्या गालाला चिकटलेला तांदळाचा दाणा बोटानं काढला. माझ्याकडे बघितलं. मग ह्यांच्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "तू हो पुढे. थोरलीला सांग, पोर आपल्या आईपाशी निजलीय."

"आणि उद्या?" ह्यांनी विचारलं.

"उद्यासुद्धा तिथेच निजेल. थोरलीची समजूत मी घालीन. रडेल बिचारी, पण मी घालीन."

हे गेले. सासूबाईंनी पदर कमरेला खोचला आणि मालकांपुढे हात केला. "आणा ती इकडे," त्या म्हणाल्या. "हात भरून आला असेल तुमचा." मालकांना बोटं उलगडता येईनात, सासूबाईंनी ती एकेक सोडवली, आणि छत्री घेऊन आमच्या दोघींवर धरून उन्हात उभ्या राहिल्या.